नॉर्वेतील जर्मन रायफली

दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या जर्मन रायफली एकतर वितळवल्या गेल्या किंवा अमेरिकेतील शिकाऱ्यांना स्वस्तात विकल्या गेल्या, असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी मान्य आहे. मात्र पराभूत सैन्याची शस्त्रे मुक्त झालेल्या देशाने स्वतःच्याच सैनिकांच्या हाती दिली, हा तिसरा मार्ग त्यात सुटला आहे. नॉर्वे हे त्याचे ठळक उदाहरण. मे १९४५ मध्ये तेथील सुमारे साडेतीन लाख जर्मन सैनिकांनी शरणागती पत्करली, तेव्हा जर्मन सैन्याच्या नेहमीच्या, माउझर पद्धतीच्या ‘९८-के’ रायफली प्रचंड संख्येने तिथेच राहिल्या आणि जर्मनीच्या पाच वर्षांच्या ताब्यानंतर हलाखीत असलेल्या त्या देशाने त्या सरळ आपल्या सैन्यात घेतल्या.

पुढे अमेरिकी शस्त्रे येऊ लागल्यावर दोन प्रकारची काडतुसे सांभाळणे गैरसोयीचे ठरले, म्हणून यांतील अनेक रायफलींना .३०-०६ या अमेरिकी काडतुसासाठी नव्या नळ्या बसवण्यात आल्या. हे काडतूस मूळ जर्मन काडतुसापेक्षा लांब असल्याने ते आत जाण्यासाठी रिसीव्हरच्या (काडतूस जिथून आत भरले जाते त्या रायफलीच्या मधल्या धातूच्या भागाच्या) वरच्या कडेला चंद्रकोरीसारखी खाच पाडावी लागली, आणि माझ्या मते संग्राहकांनी नॉर्वेची रायफल ओळखताना सर्वप्रथम हीच खाच पाहावी. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या तेथील गृहरक्षक दलाने या रायफली कित्येक दशके वापरल्या. इतकेच नव्हे, तर नॉर्वेतीलच कोंग्सबर्ग येथील शस्त्र कारखान्याने नेमबाजीसाठी बनवलेल्या एम-५९ आणि एम-६७ या रायफलींमध्येही त्याच जर्मन रायफलींचे मूळ यंत्रभाग वापरलेले आहेत.