वजन उतरलं, पण ताकदही गेली?

रोहन: वजन बऱ्यापैकी उतरलंय, पण ताकद वाढायचं नाव नाही, आधी सहज उचलायचो ते डंबेल आता जड जातायत. प्रोटीन वाढवू का? मृणालताई तू सांग

सुजाता आत्या: प्रोटीनचं नंतर बघ, आधी झोप किती होते ते सांग. रात्री एकला ऑनलाइन दिसतोस आणि पहाटे जिममधे

रोहन: चार साडेचार तास, कधी पाच. रविवारी भरून काढतो ना

मृणाल: आत्या बरोबर बोलतेय. रोहन, तुझं वजन कशातून कमी झालं हे काटा सांगत नाही. 2010 मधे शिकागो विद्यापीठात जास्त वजनाच्या 10 जणांवर एक प्रयोग झाला होता, तेच लोक, तसंच मोजून कमी खाणं, फक्त एकदा 14 दिवस अंथरुणात साडेआठ तास आणि एकदा 14 दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळी साधारण 3 किलोच उतरलं, पण पूर्ण झोप होती तेव्हा त्यात चरबी 1.4 किलो होती आणि कमी झोपेत फक्त 0.6, बाकी सगळं चरबी सोडून, म्हणजे स्नायू वगैरे, पाणीही येतं त्यात. माणसं कमी आहेत मान्य, पण मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो कारण काटा दोन्हीकडे सारखाच होता

नितीन काका: पण व्यायाम तर आपण जागेपणी करतो, झोपेचा काय संबंध

मृणाल: काका, व्यायामाने शरीराला नुसतं कळतं की इथे बांधकाम हवंय, बांधकाम पुढचा एक-दोन दिवस चालू राहतं आणि त्यात रात्र फार मोलाची. गाढ झोपेत, विशेषतः रात्रीच्या पहिल्या भागात, ग्रोथ हार्मोन जास्त सुटतं. जागरणाने उलट कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, ते स्नायू मोडायच्या बाजूचं. ऑस्ट्रेलियात 2021 मधे 13 तरुण मुलामुलींना एक रात्र अजिबात झोपू दिलं नाही तर स्नायूंमधे नवीन प्रथिनं बनायचा वेग 18 टक्के कमी झाला, एका रात्रीत!!

रोहन: बापरे. मग झोप झाली नाही त्या दिवशी जिम बंद ठेवू का

मृणाल: बंद नको रे. पाच रात्री चारच तास झोपवलेल्या तरुणांवरही प्रयोग झालाय, त्यात ज्यांनी मधेमधे जोरदार इंटरव्हल व्यायाम (थोडा वेळ जोरात, मग जरा दम, परत जोरात) केला त्यांचं प्रथिनं बनणं टिकलं, नुसते बसून होते त्यांचं घसरलं. म्हणजे व्यायाम थोडं सावरतो, पण म्हणून रोज झोप कापून पहाटे उठायचं हे मला पटत नाही, मोठ्यांना किमान सात तास हवेतच

शोभा काकू: माझं काय गं, साठी झाली, रात्री तीनदा जाग येते आणि हल्ली जिना चढताना पाय भरून येतात

मृणाल: काकू तुमचा प्रश्न रोहनपेक्षा मोठा आहे खरं तर. तिशीनंतरच दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि वयाने गाढ झोपही कमी होते. वयस्कर लोकांच्या पाहण्यांमधे फार कमी झोपणारे आणि फार जास्त झोपणारे दोघांतही स्नायू कमी दिसतात, पण तिथे कशामुळे काय हे ठरवणं अवघड, कारण आजारी किंवा अशक्त माणूस मुळातच जास्त झोपतो. जाग का येते ते डॉक्टरांना विचारा, लघवीला उठता का, की घोरताना श्वास अडकतो, कारण स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा थांबणं) असेल तर कितीही तास पडून राहिलात तरी झोप तुकड्यातुकड्यातच होणार

नितीन काका: घोरते ती, मी सांगतो

शोभा काकू: तुम्ही गप्प बसा. मृणाल मग व्यायाम कुठला करू, चालते मी रोज

मृणाल: चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोनदा तरी ताकदीचा हवा, खुर्चीतून हात न टेकता उठणं बसणं याने सुरुवात करा. रविवारी येते तेव्हा दाखवते, पाय भरून येणं वाढलं किंवा छातीत जड वाटलं तर मात्र रविवारची वाट बघू नका, आधी डॉक्टर

रोहन: मी जिम संध्याकाळी टाकतो, आठला चालेल?

मृणाल: चालेल, फक्त झोपायच्या अगदी तासभर आधीपर्यंत जोरात चालू ठेवू नकोस, आणि अकराला फोन बाहेरच्या खोलीत