मदत हवी आहे: चालू वायफाय नेटवर्कमध्ये एपीचे (ॲक्सेस पॉइंटचे) ग्रुप कसे पाडू?

राजेहो, वर्धा रोडवरच्या एका होस्टेलचं वायफाय सांभाळून राहिलो, तीन मजले, मागे मेस, समोर ऑफिस, सगळे ॲक्सेस पॉइंट (वायफाय सोडणारे डबे) एकाच कंट्रोलरवर (सगळ्यांना एका जागेवरून सांभाळणारा) अन् एकाच डिफॉल्ट ग्रुपमध्ये. आता मालक म्हणतात ऑफिसचं नेटवर्क पोरांना दिसायलाच नको अन् मेसमध्ये फक्त गेस्टवालं ठेवा. म्हणजे एसएसआयडी (फोनमध्ये दिसणारं वायफायचं नाव) ग्रुपनुसार वेगळे, तेवढं समजलं.

पण ग्रुप मजल्यानुसार पाडू की वापरानुसार? मजल्यानुसार पाडले तर पॉवर अन् चॅनल सेट करणं सोपं, २.४ गिगाहर्ट्झमध्ये तसेही एकमेकांत न घुसणारे १, ६, ११ हेच चॅनल, अन् इथं लावणाऱ्यानं एपी दाटीवाटीनं ठोकलेत. पण पोरगा व्हॉट्सॲप कॉलवर बोलत जिना उतरला अन् खालच्या ग्रुपमध्ये व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग) वेगळा असला तर आयपी (फोनचा नेटवर्कवरचा पत्ता) बदलून कॉल तुटंल ना? की एसएसआयडी अन् व्हीलॅन सारखेच ठेवून फक्त रेडिओ सेटिंग (पॉवर, चॅनल) वेगळं करता येतं?

काही कंट्रोलरमध्ये ग्रुप बदलला की एपी रीबूट होतो, म्हणून दिवसा हात लावायची हिंमत नाही, उन्हाळ्यात पोरं कूलरपुढून हलत नाहीत अन् नेट गेलं की सगळे खाली येतात भांडायला. कोणी केलं असंल तर सांगा भाऊ, आधी मेसचा एकच एपी हलवून पाहू का?