खरा फटका विम्याचा
जहाजांवरच्या दहशतवादी हल्ल्यात माल किती जळला यावरून व्यापाराचं नुकसान मोजायचं, हा नेहमीचा हिशोब अपुरा वाटतो. खरा फटका विम्यातून बसतो. लंडनच्या जॉइंट वॉर कमिटीने (जहाजांचा विमा उतरवणाऱ्यांच्या समितीने) एखादा समुद्रपट्टा जोखमीच्या यादीत टाकला की 'वॉर रिस्क'चा, म्हणजे युद्ध-हल्ल्याच्या जोखमीचा, जादा हप्ता लागतो, तोही जहाजाच्या किमतीवर आणि बहुधा ७ दिवसांपुरता. १० कोटी डॉलरच्या जहाजाला ०.७ टक्के दर लागला तर ७ लाख डॉलर! बंदरात खोळंबून मुदत उलटली तर पुन्हा भरा. २००२ मध्ये येमेनजवळ 'लिंबर्ग' या तेलवाहू टँकरवर हल्ला झाला; हप्ते तिपटीने वाढले आणि जहाजं येमेनचं एडन बंदर टाळून जिबुती आणि ओमानच्या सलालाह बंदराकडे वळली. शेजाऱ्यांचं फावलंच म्हणायचं. हल्ल्यांच्या धास्तीने होणाऱ्या तपासणीची कटकट वेगळीच: अमेरिकेला जाणाऱ्या कंटेनरचा तपशील जहाजावर चढवण्याच्या २४ तास आधी द्यावा लागतो, नाहीतर माल धक्क्यावरच.