सीबीनॅटच्या अहवालातील ‘इनडिटरमिनेट’चा अर्थ काय?

गोदाकाठ, गेवराई:
माझ्या चुलत्यांना ऊसतोडीवरून परतल्यापासून खोकला आहे आणि संध्याकाळी ताप येतो. तीन वर्षांपूर्वी त्यांनी क्षयाचे औषध पूर्ण घेतले होते. आता थुंकीच्या सीबीनॅट (जंतूचा डीएनए यंत्रावर शोधणारी तपासणी) अहवालात ‘एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो’ (क्षयाचा जंतू आढळला, अगदी कमी) आणि त्याखाली ‘रिफ रेझिस्टन्स इनडिटरमिनेट’ असे छापले आहे. रेझिस्टन्स (जंतूने औषधाला दाद न देणे) सापडला नाही, म्हणजे साधाच क्षय, असे घरी सगळे म्हणतात. तरीही दवाखान्याने पुन्हा बेडका मागितला आहे आणि कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहायला) सहा आठवडे लागतील असे सांगितले आहे. यंत्र दोन तासांत निकाल देते, तर दीड महिना कशासाठी थांबायचे?

लॅब टेक्निशियन, बीड:
दादा, घरच्यांची समजूत चुकीची आहे. रेझिस्टन्स नसता तर ‘नॉट डिटेक्टेड’ असे छापून आले असते. अहवालातील ‘रिफ’ म्हणजे रिफाम्पिसिन हे क्षयाचे मुख्य औषध. त्याला दाद न देणाऱ्या बहुतेक जंतूंत बदल आरपीओबी जनुकाच्या डीएनएतील ८१ अक्षरांच्या एका तुकड्यात असतो आणि यंत्र तोच तुकडा पाच प्रोब (ठरावीक क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावून वाचते. पण नमुन्यात जंतूच मोजके असले, की क्षयाचा जंतू आहे एवढे कळते, बदलाविषयी मात्र काहीच ठरवता येत नाही. म्हणूनच नवा नमुना मागितला आहे. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून छातीतला बेडका द्यावा. आमच्याकडे येणारी डबी उजेडात धरली, तर कित्येकदा आत नुसती फेसाळ लाळच असते.

सूक्ष्मजीवशास्त्राचा निवृत्त अध्यापक, अंबाजोगाई:
वरील उत्तर योग्यच आहे, पण कल्चरचा मुद्दा राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्यता दिलेल्या या तपासणीने रुग्णांचे कित्येक आठवडे वाचवले. मात्र ती डीएनए ओळखते, जंतू जिवंत आहे की मेलेला हे तिला कळत नाही. आपल्या चुलत्यांचा उपचार पूर्वी झालेला असल्यामुळे, हे जुन्या, मेलेल्या जंतूंचे अवशेष तर नाहीत ना, ही शंका घ्यावीच लागते. कल्चरमध्ये जिवंत जंतूच वाढतो. द्रव माध्यमात वाढ दिसली तर लवकर कळते. ‘जंतू नाही’ असे म्हणण्यासाठी मात्र ४२ दिवस वाट पाहतात. शिवाय आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या मुख्य औषधाला असलेला प्रतिकार या साध्या सीबीनॅटमध्ये दिसत नाही. त्यासाठी लाइन प्रोब ही जनुकांतील बदल पाहणारी वेगळी तपासणी करतात आणि थुंकीत जंतू इतके कमी असतील, तर तीही कल्चरमध्ये वाढलेल्या जंतूंवरच करावी लागते. तोवर औषध कोणते द्यायचे हे डॉक्टर ठरवतील. कल्चर येईपर्यंत दवाखान्यात जायचे थांबू नका.

गोदाकाठ, गेवराई:
आज सकाळी दिलेला बेडका घट्ट आणि पिवळसर होता. कारखान्यावर चुलत्यांच्या कोपीत राहिलेल्या दोघांनाही खोकला आहे, असे आता कळले. त्यांनाही उद्या सोबत नेतो.