घाट उतरताना ब्रेक मऊ झाला, नुसतं ब्रेक ऑइल बदलून भागेल का?

चिपळूणची_अल्टो
नमस्कार मंडळी. बाबांची २००९ ची अल्टो आता मीच चालवते, ७८ हजार झालेत. आईच्या तपासणीसाठी महिन्यातून एकदा कराडला जावं लागतं. मागच्या शनिवारी परत येताना कुंभार्ली घाटात पुढे एक भरलेला ट्रक होता आणि पाऊसही होता त्यामुळे ब्रेकवर पाय जवळजवळ सतत होता, आणि पोफळीच्या अलीकडे पॅडल एकदम स्पंजसारखं लागायला लागलं, दोनतीनदा पंप केल्यावर कुठे गाडी थांबली. आई शेजारी बसलेली, माझे हातपाय गार पडले. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो तर ब्रेक परत पहिल्यासारखा!

इथल्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलची डबी उघडली, म्हणाला लेव्हल थोडी कमी होती, टाकलं ऑइल, आता काही होत नाही जा. पण डबीतलं ऑइल काळ्या चहासारखं दिसतंय. बाबांच्या वहीत शेवटची नोंद २०१७ ची आहे, लायनर बदलले तेव्हाची. झाकणावर डॉट ३ लिहिलंय, म्हणजे ब्रेक ऑइलचा प्रकार. लेव्हल भरलेली असली तरी बदलायचं असतं का हे? पुढच्या महिन्यात परत घाट आहे.

डेपोवाले_काका
ताई, आधी एक सांगतो, ऑइल बदलल्याशिवाय घाटात गाडी नेऊ नका, आईंना एसटीने न्या एकवेळ. मी ३१ वर्षं वर्कशॉपमध्ये काढली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी होजमधून सुद्धा हळूहळू ओलावा आत जातो, आणि तुमच्याकडे कोकणात चार महिने हवा कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. नवीन डॉट ३ उकळायला निदान २०५ डिग्री लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हाच आकडा १४० वर येऊ शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की डिस्कची उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात जाते, तिथलं ऑइल उकळतं आणि वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून तर ब्रेक लागतो, पण वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं आणि चाकाला काही पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत पाणी होतं आणि ब्रेक आला असं वाटतं. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

वरून भर घातली म्हणून काही होत नाही, कॅलिपरमधलं जुनं ऑइल तिथंच राहतं. दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं, गाडी किती पळाली ते बघायचं नाही.

घाटवाट
काकांशी सहमत. फक्त एक विचारतो ताई, पॅडल मऊ झालं होतं की कडक होतं पण गाडी थांबत नव्हती? कडक असेल तर पॅड तापून घसरतायत, तो वेगळा प्रकार. आणि गिअर कुठला होता? आपल्याकडे पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे खूप आहेत, कृपा करून ते करू नका. दुसरा किंवा तिसरा टाकायचा, इंजिनला गाडी धरू द्यायची आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून सोडायचा, नुसता पाय ठेवून बसायचं नाही.

चिपळूणची_अल्टो
मऊच होतं दादा, अगदी तळापर्यंत गेलं. गिअर चौथा होता, ती माझी चूक झाली.

रविवारचा_पाना
मी डोंबिवलीत माझ्या वॅगनारचं घरीच करतो, दोन माणसं लागतात. आधी लेव्हल का कमी झाली ते शोधा, हे सगळ्यात महत्त्वाचं. पुढचे पॅड झिजले की लेव्हल थोडी उतरते, ते ठीक आहे, पण मागचा ड्रम उघडून व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबतो तो) रबर जरा उचलून बघा, आत ओलं असेल तर लीक आहे, नवीन ऑइल टाकून उपयोग नाही.

मग डबीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढायचं, नवीन भरायचं आणि मास्टर सिलिंडरपासून (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलतो तो) लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं. निप्पलला (चाकाजवळचा ऑइल काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून नळीचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं, एकाने पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निप्पल सैल करून परत आवळायचा आणि मगच पॅडल सोडायचं. हा क्रम चुकला की हवा आत जाते. स्वच्छ ऑइल यायला लागेपर्यंत चालू ठेवा आणि मधेमधे डबी बघत रहा, ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. जुन्या गाडीत पॅडल पार तळाला दाबू नका, मास्टर सिलिंडरचा तो भाग एरवी वापरात नसतो, तिथे गंज असतो आणि वॉशर फाटतात. मी पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उठतो.

नवीन_चालक
डॉट ५ टाकलं तर? मोठा नंबर म्हणजे आणखी चांगलं ना?

डेपोवाले_काका
नाही हो, डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, चुकूनही टाकू नका. डॉट ३ च्या जागी डॉट ४ मात्र चालतं, ते नवीन असताना निदान २३० पर्यंत टिकतं, घाटातल्या गाडीला मी तेच सांगेन. पण सीलबंद डबा घ्या. गॅरेजमध्ये सहा महिने उघडी पडलेली बाटली असते ना, तिने आधीच पाणी ओढलेलं असतं. पॉवर स्टीअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल तर थेंबभरही नको, सगळे रबर फुगतात.

चिपळूणची_अल्टो
दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घेतलं. मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर ओला निघाला!! लायनरपर्यंत ऑइल गेलेलं. दोन्ही बाजूंचे सिलिंडर आणि लायनर बदलले, डॉट ४ भरलं, पुढच्या चाकातून निघालेलं ऑइल अक्षरशः काळं होतं. पॅडल आता वरच्या वर लागतंय. बाबांच्या वहीत आजची तारीख लिहिली. काका, दादा, मनापासून आभार. परवा रिकाम्या गाडीने, दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून बघते आणि मगच आईला नेते.

डेपोवाले_काका
एकट्या जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. आणि खाली पोचल्यावर परत एकदा लेव्हल बघा.