मदत हवी आहे: होडीचं इंजिन पूर्ण उघडून बांधलं, आता न्यूट्रलला ठोका येतोय

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबला आहे, पण अर्धवट माहिती दिली की पुन्हा दहा प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

मालवणजवळ सर्जेकोटला आमची छोटी फायबरची होडी आहे. आत एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार स्ट्रोक, बोअर 87.5 मि.मी., स्ट्रोक 110 मि.मी., 1500 आरपीएमला सात एचपी. हँडल मारून चालू होतं, थंड व्हायला खाडीचंच पाणी. मे महिन्याच्या शेवटी ऑइल बघितलं तर दूध घातलेल्या चहासारखं. पाणी आत शिरलं होतं. 1 जूनपासून मासेमारीबंदी लागतेच, 31 जुलैपर्यंत हातात दोन महिने, म्हणून बाबांनी आणि मी ठरवलं की या वेळी पूर्ण उघडूया.

लायनर, पिस्टन, रिंगा नवीन. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो शाफ्ट) कोल्हापूरला ग्राइंड करून आणला, 0.25 मि.मी. कमी साईजचे बेरिंग टाकले, मेन (क्रँक ज्यात फिरतो ते) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं). गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) बुश नवीन. व्हॉल्व्ह घासून बसवले, नोझल तपासून आणली. सगळे नट टॉर्क पान्याने आवळले, अंदाजाने एकही नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनवर फिलर गेजने लावले.

पहिल्या तीन हँडलात इंजिन लागलं. धूर स्वच्छ, ऑइल प्रेशर व्यवस्थित. पण ठोका येतोय. टकटक नव्हे, दार बंद असताना आत कोणी लाकडावर मूठ मारतोय तसा, खोल. न्यूट्रलला हळू चालताना जास्त. खाडीत होडी दोरांनी बांधून गिअर टाकला आणि थोडी रेस वाढवली की आवाज जवळजवळ जातो. रेस कमी केली की परत सुरू. मोठ्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून सगळीकडे ऐकलं. फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) बाजूच्या मेन बेरिंगपाशी सगळ्यात मोठा.

इथल्या मेकॅनिककाकांचं म्हणणं, "चलांदे, काय एक होवचा नाय, दहा तास चलला की बसतला." बाबांना ते पटलंय. मला नाही. मेन बेरिंग गेलं असेल तर पुन्हा सगळं खाली काढावं लागेल, आणि नारळी पौर्णिमा डोक्यावर आली आहे. कोणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद 1

टायमिंग पुढे गेलं असेल. पंपाखालचा एखादा शिम (पातळ पत्रा) बांधताना राहिला असेल तर डिझेल लवकर पडतं आणि असाच ठोका येतो. इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करा. डिझेल बाहेर पडेल, इंजिन थांबायला लागेल. थांबता थांबता ठोका लगेच गेला तर जळणाचा आवाज आहे. राहिला तर लोखंडाचा. हात जपून, त्या फवाऱ्यासमोर बोट धरू नका, कातडीत घुसतो.

प्रतिसाद 2

एवढा खर्च केलात त्यात थोडे घालून आउटबोर्ड घेतला असता.

धागाकर्ता

प्रतिसाद 1, आभार. करून बघितलं. नट ढिला केल्यावर ठोका गेला नाही. हळू झाला, पण फ्लायव्हील थांबेपर्यंत पाचसहा वेळा वाजलाच. म्हणजे लोखंडाचा.

प्रतिसाद 2, बाबांना हे वाचून दाखवलं. त्यांचं उत्तर इथे टाइप करता येणार नाही.

प्रतिसाद 3

मी आता निवृत्त आहे, पण पंचवीस वर्षं छोट्या डिझेलवरच काढली. बेरिंगला हात लावण्याआधी दोन गोष्टी करा, दोन्हीला पैसे लागत नाहीत.

पहिली, ठोके मोजा. चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एकदा धूर फुसकतो. एका फुसकाऱ्याला एकच ठोका असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय किंवा जळणाचा भाग आहे असं धरून चाला. दोन असतील, म्हणजे प्रत्येक फेरीला, तर पिस्टन हेडला (सिलिंडरच्या झाकणाला) लागतोय किंवा शाफ्टवर काहीतरी सैल आहे. कानाने मोजता येत नाही. मोबाइलवर एक्झॉस्टजवळ रेकॉर्ड करा आणि हळू करून ऐका.

दुसरी, पिस्टन आणि हेडमधली जागा मोजा. सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे ग्रीसने पिस्टनच्या माथ्यावर चिकटवायचे, गजन पिनच्या रेषेत, दोन टोकांना. दुसरीकडे लावले तर पिस्टन कलतो आणि माप चुकतं. हेड त्याच गॅस्केटसकट पूर्ण आवळा, फ्लायव्हील हाताने वरच्या टोकावरून एकदा फिरवा, हेड काढा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजा. लायनर नवीन आहे म्हणून हे विचारतोय. तो केसभर वर किंवा खाली बसला तरी हिशेब बदलतो.

धागाकर्ता

काल रविवार त्यातच गेला.

रेकॉर्डिंग हळू करून ऐकलं. एका फुसकाऱ्याला दोन ठोके, पण सारखे नाहीत. एक मोठा, एक बारका, आणि मधूनच एखादा गळतो. सोल्डरची तार 1.1 मि.मी., दोन्ही टोकांना सारखीच. मॅन्युअलच्या मर्यादेत आहे. माथ्यावर किंवा व्हॉल्व्हवर लागल्याची एकही खूण नाही. हेड काढलंच होतं म्हणून लायनरही बघितला, आरशासारखा.

म्हणजे आता मेन बेरिंगच ना? उद्या खाली काढायला घेतो.

प्रतिसाद 3

थांबा! काही काढू नका.

तुमची पहिली पोस्ट आत्ता पुन्हा वाचली. रिंगा, बुश, नोझल, टॉर्क, सगळं लिहिलंत. क्रँक कोल्हापूरला पाठवलात म्हणजे फ्लायव्हील उतरवलं होतं. फ्लायव्हीलच्या चावीबद्दल, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या खाचेतल्या लोखंडी पाचरीबद्दल, एक शब्द नाही. ती चावी जुनीच घातलीत की नवीन? आणि कोणी बसवली?

गळणारा ठोका बेरिंगचा नसतो. बिग एंड किंवा मेन गेलं की आवाज लोडवर वाढतो, तुमचा लोडवर जातो. एका सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेरीत क्रँक एकदा फ्लायव्हीलला ढकलतो आणि एकदा फ्लायव्हील क्रँकला ओढतं. चावी सैल असेल तर त्या उलटसुलट ओढाताणीत ती खाचेत आदळते. गिअर टाकला की जोर एकाच बाजूला राहतो, म्हणून आवाज दबतो. आणि हा आवाज हुबेहूब बेरिंगसारखा येतो. चांगले चांगले फसलेत. मीही एकदा चांगलं बेरिंग फेकून दिलंय.

कपलिंग (गिअरकडे जाणारा जोड) सोडवा. शाफ्टच्या टोकावरून फ्लायव्हीलच्या बॉसवर (मधल्या जाड भागावर) एक सरळ रेघ ओढा, खडूने नको, टोकदार खिळ्याने. मग फ्लायव्हील कॉम्प्रेशनपर्यंत आणून दोन्ही हातांनी मागेपुढे हलवा. आणि सांगा, बॉसच्या भोकाच्या कडेला लालसर पूड दिसते का?

तोपर्यंत इंजिन चालू करू नका. चाळीसेक किलोचं चाक आहे ते.

धागाकर्ता

काका, काय सांगू. लाल पूड पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी दोनदा फडक्याने पुसली! आमच्याकडे खाऱ्या हवेत स्क्रू ड्रायव्हर आठवडाभर बाहेर राहिला तर लाल होतो, मला वाटलं तसाच गंज. आज नीट बघितलं तर ती पीठासारखी बारीक, तेलात मिसळून चॉकलेटी, आणि फक्त चावीच्या आसपास. बाकी बॉस चकचकीत.

कॉम्प्रेशनवर आणून हलवलं तर हाताला कट्ट लागलं. रेघ दर वेळी केसभर तुटत होती आणि परत जुळत होती. बाबा बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत.

चावीचं खरं सांगतो. फ्लायव्हील उतरवताना जुन्या चावीचं डोकं तुटलं. नवीन मीच केली, चौकोनी सळीतून कानशीने घासून. ठोकून घट्ट बसली म्हणून समाधान मानलं. कपलिंग लागल्यावर ती दिसतही नाही, म्हणून विसरलोही.

प्रतिसाद 3

घट्ट बसली ती एका टोकाला. अशा चावीला उतार असतो, 100 मि.मी. लांबीला 1 मि.मी., आणि फ्लायव्हीलच्या खाचेलाही तेवढाच. दोन्ही उतार जुळले तरच पूर्ण लांबी पकडते. दिव्याची काजळी तेलात कालवून चावीच्या वरच्या अंगाला पातळ लावा, हलकेच ठोकून बसवा, काढा. जिथे काजळी पुसली गेली तिथेच ती टेकते आहे. तेवढाच भाग घासा, पुन्हा लावा. कंटाळा आला की चहा घ्या, पण घाईने मोठी कानस घेऊ नका. बाजूंनाही ती खाचेत डुलता कामा नये.

क्रँकच्या खाचेच्या कडा मात्र बघा. आदळून रुंद झाल्या असतील तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ता

क्रँकची खाच वाचली. एका कडेला थोडी चमक आहे, पण फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान आत जात नाही. इंजिन एकूण दोन तासही चाललं नव्हतं म्हणून निभावलं. "बसतला" म्हणत दहा तास चालवलं असतं तर क्रँक पुन्हा कोल्हापूरला गेला असता.

पहिल्यांदा काजळी लावून काढली तर डोक्याकडचा बोटाच्या पेराएवढा भागच पुसलेला, बाकी चावी काळीच्या काळी. ती फेकली. दुसरी सळी मिलिंग करून आणली, डोकं ठेवूनच, आणि अकरा वेळा काजळी लावली. शेवटच्या चार वेळा बाबांनी कानस माझ्या हातातून घेतली.

काल संध्याकाळी चालू केलं. न्यूट्रलला ठोका नाही. आता टॅपेटची टिकटिक ऐकू येते, ती आधीही असणार, ठोक्याखाली दबली होती. तासभर चालवून कपलिंग पुन्हा सोडवलं. रेघ जुळलेली, पूड नाही. चावीवर हातोडी मारली तर अर्धा मि.मी. आत गेली. दहा तासांनी परत मारून बघतो आणि इथे लिहितो.