सी ड्राइव्ह लाल झालाय, डिस्क क्लीनअप करूनही जागा होत नाही (डीटीपीचं मशीन)

पत्रिकावाला:
विंडोज ११ (गेल्या आठवड्यात १० वरून अपग्रेड), १६ जीबी रॅम. सी म्हणजे २४० जीबीची एसएसडी, डी म्हणजे १ टीबीची वेगळी हार्ड डिस्क. काम फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं, फोटोशॉप आणि कोरल दोन्ही.

सी २२३ जीबीचा दिसतो, त्यात ३.८ जीबी शिल्लक. मोठा फ्लेक्स उघडला की फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणतं आणि सेव्हही होत नाही. डिस्क क्लीनअप चालवलं, जेमतेम दीड जीबी सुटली. सीमधले सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर १४८ जीबीच भरते. मग उरलेली ७० जीबी कुठे गेली? विनएसएक्सएस फोल्डर फार मोठा दिसतो, तो उडवला तर चालेल का? आणि डी जवळजवळ रिकामा आहे, त्यातली जागा सीला जोडता येईल का?

सेक्टर०:
विनएसएक्सएसला (विंडोजच्या स्वतःच्या घटकांचं कोठार) हात लावू नका. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक आहेत. तीच फाइल सिस्टीम३२ मध्येही दिसते आणि एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून डिझम (विंडोजची देखभाल करणारी) कमांड 'अॅनालाइझ कम्पोनंट स्टोअर' पर्यायासह चालवा, खरा आकार कळेल. साफ करायचंच तर त्याच कमांडचा 'स्टार्ट कम्पोनंट क्लीनअप' पर्याय वापरा. पुढे 'रीसेट बेस' जोडायला सांगणारे भेटतील. ते जोडलं की आधी बसलेले अपडेट काढून टाकता येत नाहीत, म्हणून नको.

आता ७० जीबीचा हिशेब. एक्सप्लोरर लपवलेल्या सिस्टीम फायली धरत नाही आणि परवानगी नसलेल्या फोल्डरच्या आत शिरत नाही. तुमच्याकडे तिथे बहुधा हे असणार:

विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे अपग्रेडच्या आधीचं अख्खं विंडोज. अपग्रेडला आठवडाच झालाय, त्यामुळे ते अजून तिथेच असणार. १० दिवसांनी आपोआप जातं, पण तोवर सहज वीस-पंचवीस जीबी अडवून ठेवतं. डिस्क क्लीनअप नुसतं उघडलं तर ते यादीत येतच नाही. खालचं 'क्लीन अप सिस्टीम फाइल्स' बटण दाबायला लागतं. तुमची दीड जीबी इथेच अडली असणार. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथेही 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' सापडेल. मात्र ते काढलं की १० वर परत जाता येत नाही. त्यामुळे प्रिंटर, प्लॉटर आणि डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी) ११ वर नीट चालतात ना, ते आधी बघा. त्याच यादीत 'डाउनलोड्स' पण असतं. त्यावर टिक करू नका, गिऱ्हाइकांचे फोटो तिथेच असतात.

हायबरनेशनची फाइल (मशीन बंद करताना रॅममधलं चालू काम हिच्यात साठवलं जातं). ती साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबीला ६.४ जीबी. डेस्कटॉपवर हायबरनेट कोण वापरतं? पॉवरसीएफजी कमांडला '/एच ऑफ' लावून चालवा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत), फाइल लगेच जाते. फास्ट स्टार्टअपही सोबत जातं, पण एसएसडीवर काही सेकंदांचाच फरक पडतो.

सिस्टीम रीस्टोरचे पॉइंट (काही बिघडलं तर मागच्या स्थितीला जाण्यासाठी ठेवलेल्या नोंदी). 'सिस्टीम प्रोटेक्शन'मध्ये सी निवडून कॉन्फिगर, तिथला स्लायडर ३ ते ५ टक्क्यांवर आणा. पूर्ण बंद करू नका.

पेजफाइलही (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) मोठी असेल, पण ती राहू द्या. फोटोशॉप चालवताना ती बंद केली तर प्रोग्रॅम मध्येच बंद पडतात.

काहीही उडवण्याआधी विझट्री (डिस्कवरची जागा मोजणारा प्रोग्रॅम) अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. ते ड्राइव्हची मास्टर फाइल टेबल (सगळ्या फायलींची नोंदवही) थेट वाचतं, म्हणून काही सेकंदांत कोणत्या फोल्डरने किती खाल्लं ते उतरत्या क्रमाने समोर येतं.

खिळाजुळारी:
वरचं सगळं केलंत तरी महिन्याभरात सी पुन्हा भरेल, कारण मूळ दुखणं स्क्रॅचचं आहे, म्हणजे रॅम पुरली नाही की फोटोशॉप डिस्कवर वापरतं त्या तात्पुरत्या जागेचं.

१० बाय ८ फुटांचा फ्लेक्स ३०० रिझोल्यूशनला केला तर ३६,००० बाय २८,८०० पिक्सेल होतात. सीएमवायकेमध्ये एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे ४ जीबीचा. त्यावर हिस्टरीचे (अनडूसाठी साठवलेले) टप्पे. १६ जीबी रॅम कुठे पुरणार, उरलेलं सगळं स्क्रॅचवर जातं, आणि स्क्रॅच डीफॉल्टने सीवर. (पीएसडीची मर्यादाही ३०,००० पिक्सेलची आहे, त्यामुळे ही फाइल पीएसडीत सेव्ह होणारच नाही.) लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतं. तोच लेयर मग २३० एमबीच्या आसपास येतो. पत्रिकेला मात्र ३०० हवंच.

एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स इथे सीची टिक काढून डीला द्या. फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, स्क्रॅच निवडायची चौकट आधी येते. हिस्टरी स्टेट्स ५० असतील तर २० करा. डी हार्ड डिस्क असल्याने काम थोडं संथ होईल, पण अडणार नाही. खालच्या पट्टीत 'एफिशिअन्सी' दाखवायला लावा. १०० टक्क्यांखाली गेली की समजायचं, रॅम संपून स्क्रॅच सुरू झालं.

फोटोशॉप मध्येच बंद पडलं की त्याच्या टेम्प फायली मागे राहतात. फोटोशॉप बंद करा, विंडोज आणि आर दाबून %टेम्प% टाका (हेही इंग्रजीत), आणि 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या जुन्या फायली काढा. एकेक फाइल कित्येक जीबींची निघू शकते.

कोरलमध्ये 'मेक बॅकअप ऑन सेव्ह' चालू असेल तर प्रत्येक कामाशेजारी 'बॅकअप ऑफ' नावाची जोडफाइल बसते. सर्चमध्ये ते नाव टाकून तारखेने लावा. जुनी काढा, पण चालू हंगामातल्या पत्रिकांची ठेवा. सीडीआर करप्ट झाली तर तीच कामाला येते.

आणि गिऱ्हाइकांचे व्हॉट्सअॅपवरचे फोटो: एक प्रत अॅपच्या फोल्डरमध्ये, 'सेव्ह अॅज' केलेली दुसरी डाउनलोड्समध्ये, कामाच्या फोल्डरमध्ये तिसरी.

पत्रिकावाला:
विंडोज डॉट ओल्ड २४ जीबी निघालं, फोटोशॉप टेम्प १९. हायबरनेशन बंद केलं. आता ५३ जीबी मोकळी. डाउनलोड्स डीवर नुसता कट-पेस्ट केला तर चालेल? आणि मराठीचे जुने फॉन्ट हजारावर आहेत, ते काढू का?

सेक्टर०:
कट-पेस्ट नको. डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन टॅब, तिथे मूव्ह. म्हणजे ब्राउझरलाही नवा पत्ता कळतो. डेस्कटॉपचंही तसंच, पण तो वनड्राइव्हला जोडलेला असेल तर आधी तिथला बॅकअप बंद करा. वनड्राइव्हच्या फोल्डरमधून फाइल डिलीट केली तर क्लाउडवरूनही जाते. फक्त जागा हवी असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस'.

प्रोग्रॅम फाइल्स मात्र असे हलवू नका. विंडोज फोल्डरमधलं 'इन्स्टॉलर'ही साफ करू नका, नंतर प्रोग्रॅम अपडेटही होत नाहीत आणि अनइन्स्टॉलही.

डीची जागा सीला जोडता येणार नाही, डिस्कच वेगळी आहे. एकाच डिस्कवर दोन्ही असते तरी डी 'श्रिंक' केल्यावर मोकळी जागा डीच्या शेवटी निघते, सीला ती लागून हवी.

खिळाजुळारी:
फॉन्ट काढून जागा मिळत नाही, एकेक काही केबींचाच असतो. उलट जुनी श्रीलिपीची (युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टची) फाइल उघडली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फोटोशॉप उघडायला वेळ लागत असेल तर न लागणारे फॉन्ट फॉन्ट मॅनेजरमध्ये डीअॅक्टिव्हेट करा.

पैसे घालायचे असतील तर मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवायची खाच) आहे का बघा. तिथे ५०० जीबीची वेगळी एसएसडी बसवून स्क्रॅच तिच्यावर द्या, सी क्लोन करायची गरज पडत नाही. घेण्याआधी स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा (एसएसडी जोडायचे दोन प्रकार), ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहून घ्या. काही बोर्डांवर तो वापरला की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं.